‘सॅम्पल फक्त तीन?’ : माझ्या लघुप्रबंधाचा आराखडा कसा ठरला

एम.एड. (विशेष शिक्षण) करताना लघुप्रबंधाचा विषय निघाला की बहुतेकांची गाडी एकाच रुळावर जाते. प्रश्नावली, शंभरेक शिक्षक, टी-टेस्ट (दोन सरासरींमधला फरक तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी), निष्कर्ष, शिफारशी. त्यात वाईट काही नाही, पण मला मुलांसोबत काम करायचं होतं. मी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत काही वर्षं शिकवलंय आणि ही मुलं सरासरीत मावत नाहीत, हे रोज पाहिलंय. दोन-तीन मुलांवर सखोल अभ्यास करायचा म्हटल्यावर मात्र पहिला प्रश्न आला तो आराखड्याचा, म्हणजे कधी मोजायचं आणि कधी शिकवायचं याचा, आणि त्यावर मराठीत धड काही वाचायला मिळेना. गेल्या जूनमध्ये सुरू केलेलं काम या एप्रिलमध्ये संपलं. या वाटेने जाणाऱ्यांसाठी ते सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

विषय शाळेतल्या नळापाशी सापडला. डबा खायच्या आधी मुलं रांगेने येतात आणि नळापुढे दोन्ही हात पुढे करून उभी राहतात. नळ सोडणं, साबण लावणं, चोळणं, पुसणं सगळं शाळेतल्या मावशी करतात. मावशींचा नाइलाज असतो. मधल्या सुट्टीची वेळ ठरलेली आणि मुलं भरपूर. पण दहा वर्षांचं मूलसुद्धा हात पुढे धरून शांतपणे उभं राहतं, कारण पुढचं काम मावशींचं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तेव्हा विषय ठरला: चित्रपट्टी (पायऱ्यांची चित्रं क्रमाने लावलेली पट्टी) आणि टप्प्याटप्प्याने कमी होणारी मदत वापरून हात धुणं शिकवणं. मुलं तीन, वयं आठ ते अकरा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मार्गदर्शक मॅडमनी विषय ऐकला आणि विचारलं, “शिकवशील आणि मूल शिकेल. पण ते तुझ्यामुळेच शिकलं, हे कशावरून?” आराखडा निवडायचा म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर निवडायचं. शिकवण्याआधी मोजलं आणि शिकवल्यावर मोजलं, एवढं पुरत नाही. मधल्या काळात घरी आजीने शिकवलं असेल, मूल थोडं मोठं झालं असेल, नाहीतर वर्गात नवीन ताई आल्या असतील. म्हणजे बेसलाइन, अर्थात शिकवण्याआधीची मोजणी (ए) आणि मग उपाय (बी), असा नुसता एबी आराखडा वर्णन करतो, सिद्ध काही करत नाही.

पुस्तकात सगळ्यात आधी भेटतो तो एबीएबी, म्हणजे रिव्हर्सल. बेसलाइन घ्यायची, उपाय सुरू करायचा, मग उपाय काढून घ्यायचा आणि परत सुरू करायचा. उपायाबरोबर वर्तन वर गेलं, काढल्यावर खाली आलं, पुन्हा वर गेलं, तर पुरावा भक्कम. दिसायलाही देखणा. मूल जागेवर बसतं का, टोकन दिल्यावर किती वेळ बसतं, अशा विषयांना तो छान चालतो. मीही आधी त्याच्याकडेच झुकले होते. मग पालकांशी पहिली अनौपचारिक बोलणी झाली. एका आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे ताई, तुम्ही शिकवणार आणि मग मुद्दाम बंद करणार? त्याला आलं तर मी ते विसरू कशाला देऊ?”

तिच्या बोलण्यात दोन मुद्दे होते आणि दोन्ही पुस्तकातही आहेत. एक, हात धुण्यासारखं कौशल्य एकदा आलं की उपाय काढला तरी ते जात नाही, म्हणजे आलेखातली रेघ खाली येणारच नाही आणि रिव्हर्सल फसेल. दोन, समजा खाली आली, तरी ती यावी असं कोणालाच वाटत नाही. बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांचा 1968 चा प्रसिद्ध लेख आहे, ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर अॅनालिसिस’च्या पहिल्याच वर्षातला. त्यात रिव्हर्सलच्या शेजारीच मल्टिपल बेसलाइन मांडलेली आहे आणि ती कशासाठी, तर वर्तन उलट फिरत नसेल किंवा ते फिरवणं इष्ट नसेल तेव्हासाठी. त्या आईने तो लेख वाचलेला असण्याची शक्यता नाही. तुमचा विषय कोणताही असो, वाचनाच्या आधी एकदा पालकांशी बोलून घ्या. माझे बरेच फाटे तिथेच छाटले गेले.

बाकीचे आराखडे तरीही एकेक करून तपासले, कारण संशोधन समिती विचारतेच. चित्रपट्टी बरी की व्हिडिओ, अशी दोन पद्धतींची तुलना करायची असेल तर अल्टरनेटिंग ट्रीटमेंट्स. त्यात उपाय भराभर आलटून पालटून देतात. पण एकच कौशल्य दोन पद्धतींनी शिकवलं तर शिकलेलं एकमेकांत मिसळतं. मग सारख्या अवघडपणाची दोन वेगळी कौशल्यं घ्यावी लागतात, आणि हात धुण्याच्या तोडीचं दुसरं काय, यावर मॅडम आणि मी, दोघींनी डोकं खाजवून सोडून दिलं. शिवाय माझा प्रश्न तुलनेचा नव्हताच. चेंजिंग क्रायटेरियनमध्ये उद्दिष्ट पायरीपायरीने वाढवतात: आधी पाच मिनिटं, मग आठ, मग बारा. जे हळूहळू कमी-जास्त करता येतं, त्याला हा आराखडा उत्तम. माझी सगळी पायऱ्यांची साखळी एकदमच शिकवायची होती, त्यामुळे तोही बाद.

उरली मल्टिपल बेसलाइन. तिन्ही मुलांचं मोजमाप एकाच वेळी सुरू करायचं, पण शिकवणं मात्र पुढेमागे. पहिल्याचं शिकवणं सुरू झालं की त्याची रेघ वर जायला हवी आणि बाकी दोघांच्या तशाच पडून राहायला हव्यात. मग दुसरा, मग तिसरा. तीन वेगवेगळ्या वेळी, प्रत्येक वेळी शिकवणं सुरू झाल्यावरच बदल दिसला, तर घरची आजी आणि वाढतं वय यांना श्रेय देणं कठीण जातं. कोणाचं काही काढून घ्यावं लागत नाही, हा मोठा दिलासा.

पण यातही एक काटा होता. तिसऱ्या मुलाची पाळी येईपर्यंत त्याची बेसलाइन आठवडेच्या आठवडे चालणार. रोज त्याला नळापाशी न्यायचं, “हात धू” म्हणायचं आणि काही मदत न करता बघत राहायचं. मूल वैतागणार, नाहीतर कंटाळून नळाखाली डोकं घालणार. यावर उपाय आहे मल्टिपल प्रोब. हॉर्नर आणि बेअर यांनी तो 1978 मध्ये मांडला. रोज मोजायचं नाही. ठरावीक टप्प्यांवर अधूनमधून मोजायचं (त्या एका मोजणीला प्रोब म्हणतात) आणि शिकवायला लागण्याच्या लगेच आधी सलग काही वेळा. शिकवल्याशिवाय येणारच नाही अशा साखळीच्या कौशल्याला हा अगदी चपखल बसतो. जुलै संपता संपता शिक्कामोर्तब झालं: मल्टिपल प्रोब, तीन मुलांवर.

ऑगस्टमध्ये सिनॉप्सिस (लघुप्रबंधाचा प्रस्ताव) संशोधन समितीपुढे ठेवली. त्याआधी मॅडमनी एक पान वेगळं लिहायला लावलं होतं, ‘हाच आराखडा का’ या मथळ्याचं. आधीच्या परिच्छेदांतलं सगळं त्या पानावर होतं. ते पान नसतं तर माझं काही खरं नव्हतं. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला: “सॅम्पल फक्त तीन? किमान तीस तरी घ्या.” उत्तर तयार होतं. गट-आराखड्यात तुलना माणसामाणसांत होते, इथे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या बेसलाइनशी. आकडा मुलांचा बघायचा नाही, परिणाम किती वेळा पुन्हा दिसला तो बघायचा. शिक्षणातल्या संशोधनाचा पुरावा तपासणाऱ्या अमेरिकेतल्या ‘व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउस’ने 2010 मध्ये एकल-प्रकरण संशोधनासाठी (माझ्यासारख्या, एकेका व्यक्तीच्या वारंवार नोंदी घेणाऱ्या अभ्यासांसाठी) निकष दिले, त्यात किमान तीन वेगवेगळ्या वेळी परिणाम दाखवण्याची संधी हवी असं म्हटलंय. प्रत्येक टप्प्यात किमान तीन नोंदी, पाच असल्या तर उत्तम.

दुसरा प्रश्न, “मग निष्कर्ष सगळ्या मुलांना लागू कसा करणार?” करणारच नाही, असं सांगितलं. हॉर्नर आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये सुचवलेला दंडक असा की एखादी पद्धत पुराव्यावर आधारित म्हणायची, तर किमान पाच अभ्यास, तीन वेगवेगळ्या संशोधक-गटांचे आणि सगळे मिळून वीस तरी व्यक्ती हव्यात. माझा लघुप्रबंध त्यातला एक अभ्यास, बस. या उत्तराने समिती मवाळ झाली असं मला वाटलं. मोठे दावे ऐकून ती थकलेली असावी.

तिसरा प्रश्न, “टी-टेस्ट कुठाय?” तो व्हायवालाही (तोंडी परीक्षेलाही) आला, तेव्हा त्याचं उत्तर तिथेच सांगते.

एथिक्स कमिटीचा अर्ज वेगळा, फी 500 रुपये, आणि परवानगी हातात पडेपर्यंत सप्टेंबर उजाडला. मंजुरीआधीची एकही नोंद डेटा म्हणून वापरता येत नाही, त्यामुळे आराखडा ठरायच्या आधीच एथिक्स कमिटीच्या बैठकीची तारीख शोधून ठेवा. एक बैठक हुकली तर पुढची कधी, हे कोणीच नीट सांगत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची लेखी संमती लागतेच, शिवाय सात वर्षांवरच्या मुलाचा होकारही घ्यायचा असतो. बोलून होकार देणं आमच्या मुलांना अवघड. म्हणून आम्ही लिहिलं की मूल हात ओढून घेत असेल, पाठ फिरवत असेल किंवा नळापासून दूर जात असेल, तर त्या दिवशीचं सत्र बंद. कमिटीला हा मुद्दा आवडला आणि तो आम्ही खरोखर पाळला. तिसरा मुलगा काही दिवस सरळ निघून गेला, तेव्हा मीही निघून गेले. व्हिडिओची संमती वेगळ्या कागदावर घ्या. एका पालकांनी अभ्यासाला हो म्हटलं आणि व्हिडिओला नाही. एकच कागद असता तर मूलच गेलं असतं.

मुलं निवडताना एक गोष्ट मॅडमनी ठासून सांगितली: तिघं तीन वेगळ्या वर्गांतली घे. या आराखड्याला मुलं एकमेकांसारखी हवीत आणि तरी एकमेकांपासून सुटी हवीत. एकाला शिकवताना दुसऱ्याने पाहून उचललं, तर दुसऱ्याची बेसलाइन शिकवण्याआधीच चढते आणि सगळा डोलारा कोसळतो. आमच्या शाळेत हात धुवायची मोरी एकच. मग मुख्याध्यापिकांशी बोलून तिघांच्या वेळा वेगळ्या करून घेतल्या आणि मावशींना विनंती केली की या तिघांना रोजच्या रांगेत पूर्वीसारखंच धुऊन द्या, मुद्दाम काही शिकवू नका. मावशींना हे विचित्र वाटलं. “मग तुम्ही काय करणार?” या त्यांच्या प्रश्नाला मी तासभर उत्तर दिलं असेन, पण त्यानंतर सगळ्यात काटेकोर त्याच निघाल्या. कोण आधी, कोण नंतर, हे मॅडमसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवलं. सोयीचं मूल आधी घेतलं असा आक्षेप मग राहत नाही.

कार्यविश्लेषण करताना, म्हणजे कामाच्या छोट्या पायऱ्या पाडताना, अकरा पायऱ्या निघाल्या होत्या. बाही वर सारणं, नळ उघडणं, हात ओले करणं, साबण घेणं, तळवे चोळणं, हाताची पाठ, बोटांमधल्या फटी, साबण जागेवर ठेवणं, फेस धुणं, नळ बंद करणं, पुसणं. पहिल्याच चाचणीत साबणाची वडी निसटून मोरीत गेली आणि मुलगा तिच्यामागे. मग मावशींनीच जाळीच्या पिशवीत साबण घालून नळाला टांगला आणि ‘साबण जागेवर ठेवणं’ ही पायरीच गेली. राहिल्या दहा. मुलाने मदतीशिवाय केलेल्या पायऱ्याच मोजायच्या, खूण केली किंवा हात धरला तर शून्य. दहा चित्रांचे रंगीत प्रिंट आणि लॅमिनेशन मिळून 350 रुपयांच्या आसपास गेले. पट्टी पाण्याजवळ लागणार, तेव्हा लॅमिनेशनची कड जरा रुंद ठेवायला सांगा. चित्राच्या काठाला चिकटून कापलं की पाणी आत शिरतं.

दुसरा निरीक्षक ही या कामातली सगळ्यात कमी लेखली जाणारी गोष्ट. प्रत्येक टप्प्यातल्या किमान 20 टक्के सत्रांना दुसऱ्या कोणी तरी स्वतंत्रपणे नोंदी करायच्या आणि दोघांचा मेळ किमान 80 टक्के हवा. जिथे जमलं त्या पायऱ्या भागिले एकूण पायऱ्या, गुणिले शंभर, गणित एवढंच. शाळेत इंटर्नशिपला आलेली बी.एड.ची एक विद्यार्थिनी तयार झाली. तिच्यासोबत सरावाला बसले तेव्हा नऊ पायऱ्यांवर आमचं जमलं आणि ‘नळ बंद करतो’वर अडलं. शाळेचा नळ जुना. पूर्ण पिळला तरी ठिबकतो. ती म्हणायची बंद नाही, मी म्हणायचे बंद आहे. शेवटी व्याख्या लिहिली: ‘पाण्याची धार तुटली की नळ बंद, थेंब पडत असतील तरी चालेल.’ त्याच धर्तीवर बाकी नऊ पायऱ्याही पुन्हा लिहिल्या. तळवे चोळले म्हणजे किती? एकमेकांवर किमान तीनदा फिरले. पुसले म्हणजे? टॉवेल दोन्ही हातांना लागला. व्याख्या वाचून बाहेरच्या माणसालाही तीच नोंद करता आली पाहिजे. हे काम डेटा घेण्याआधी करा, नंतर व्याख्या बदलता येत नाही.

सप्टेंबरच्या मध्यावर पहिले प्रोब घेतले. तिघंही दोन-तीन पायऱ्यांवर. नळ उघडायचा, पाण्यात हात घालायचे आणि उभं राहायचं. पहिल्या मुलाच्या सलग नोंदी घेऊन शिकवणं सुरू केलं. पुढच्या मुलाकडे कधी जायचं, हे सिनॉप्सिसमध्येच लिहिलेलं होतं: सलग तीन सत्रांत दहापैकी आठ पायऱ्या स्वतःहून. हे आधी लिहिलेलं असणं फार महत्त्वाचं, कारण मधेच मनात येतं की आता पुरे, पुढे जाऊ. पहिल्या मुलाची रेघ पटकन चढली. दुसऱ्या मुलीला बोटांमधल्या फटींनी छळलं. चित्र तिला कळेना, मग तिच्याच हाताचा फोटो काढून लावला (हा बदल तारखेसह अहवालात लिहिला आहे).

शाळेचं कॅलेंडर आराखड्याइतकंच महत्त्वाचं आहे. तिसऱ्या मुलाची पाळी दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर येत होती. घाईने सुरू केलं असतं तर चार सत्रं आणि मग मोठा खंड. मॅडम म्हणाल्या, थांब. सुट्टीच्या आधी तिघांचा प्रोब, सुट्टीनंतर पुन्हा तिघांचा. सुट्टी झाल्यावर पहिल्या दोघांनी बहुतेक पायऱ्या टिकवलेल्या दिसल्या, म्हणजे टिकाऊपणाची नोंद आयतीच मिळाली. तिसरा जिथे होता तिथेच होता. घरच्यांना विचारलं, सुट्टीत काही शिकवलं का? त्याची आजी म्हणाली, “दिवाळीत कुठला वेळ? मीच धुवायचे.” संशोधक म्हणून मला एवढं गोड वाक्य क्वचितच ऐकायला मिळालं असेल. तो शिकायला लागला डिसेंबरात, सावकाश, मधेच घसरत, आणि जानेवारीअखेर निकषाला पोचला.

ग्राफने फेब्रुवारी खाल्ला. तीन पट्टे एकाखाली एक, बेसलाइन आणि शिकवणं यांच्यामधली उभी तुटक रेघ जिन्यासारखी खाली उतरणारी. एक्सेल हे आपणहून करत नाही. मी तीन वेगळे आलेख सारख्या मापाचे केले, एकाखाली एक बसवले आणि जिन्याची रेघ हाताने काढली. आडव्या अक्षावर नुसते सत्र-क्रमांक न घालता शाळेचे दिवस घाला, नाहीतर तिघं एकाच काळात चालले होते हे दिसत नाही. टप्पा बदलतो तिथले दोन बिंदू जोडायचे नाहीत. सुट्टीच्या जागी अक्ष तोडून दाखवायचा.

खर्चाचं सांगायचं तर फी, प्रिंट, लॅमिनेशन, साबण, टॉवेल आणि झेरॉक्स मिळून दोन हजारांच्या आत भागलं. बांधणीच्या चार प्रतींचे 1,200 वेगळे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात व्हायवा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलंच विचारलं, “टी-टेस्ट का नाही?” एकाच मुलाच्या एकामागून एक घेतलेल्या नोंदी एकमेकींवर अवलंबून असतात आणि टी-टेस्ट त्या स्वतंत्र मानते, हे सांगितलं. मग ग्राफ उघडून पातळी, कल, चढउतार, बदल किती लगेच झाला, टप्पे एकमेकांत किती मिसळतात आणि तिन्ही मुलांत तसंच दिसतं का, हे एकेक बोट ठेवून दाखवलं. जोडीला पीएनडी दिला होता, म्हणजे बेसलाइनच्या सर्वोच्च बिंदूच्या वर शिकवण्याच्या टप्प्यातले किती टक्के बिंदू आहेत. ही पद्धत 1987 पासून वापरात आहे आणि तिची खोड अशी की बेसलाइनमध्ये एकच बिंदू अवचित वर गेला तरी सगळी टक्केवारी पडते. ही खोड मी आपणहून सांगितली, त्यामुळे पुढचा प्रश्न टळला. त्यांनी मुलांच्या मूळ नोंदींचे कागदही मागितले आणि मधलीच दोन सत्रं काढून आलेखाशी ताडून पाहिली. नोंदपत्रकं तारखेनुसार फाइलला लावलेली असू द्या आणि दुसऱ्या निरीक्षकाच्या प्रती वेगळ्या फाइलमध्ये. आलेखाखालचा मजकूर वाढवायला सांगितला, तेवढी एक दुरुस्ती करून त्याच आठवड्यात अंतिम प्रत जमा केली.